कोकणकडा, अरुण सावंत आणि स्मृतिदिनाचं रॅपलिंग: करावं का, आणि करायचं तर कसं?

वाटाड्या_जुन्नर (धागाकर्ता)

जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या (दोराने कडा उतरण्याच्या) मोहिमेत अरुण सावंत गेले. वय साठ. सह्याद्रीत रॅपलिंग आणि व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं) ज्या पिढीने रुजवलं त्या पिढीतलं हे ठळक नाव. त्यांचा शोध घ्यायला दोर घेऊन जी माणसं दरीत उतरली तीही डोंगरातलीच.

जानेवारी जवळ आला की गटागटांतून तेच तीन विचार फिरू लागतात: कड्यावर फलक बसवू, कड्यावरून स्मृती-रॅपलिंग करू, नाहीतर शहरात सभागृह घेऊन कार्यक्रम करू. तिन्हींमागची भावना खरी आहे. पण 'करूया ना, होऊन जाईल' यापलीकडे चर्चा जात नाही. ज्यांना दोराचं, शोधकार्याचं, कागदपत्रांचं नीट कळतं त्यांनी इथे तपशिलात लिहावं. नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला दुसरे धागे आहेत.

एक विनंती. २०२० च्या त्या अपघाताचं कारण इथे बसून ठरवू नका. जे तिथे नव्हते त्यांनी तर नकोच.

---

दोर_आणि_गाठी

रॅपलिंगबद्दल लिहितो. लांबेल.

कोकणकडा आत वळलेला आहे. माथ्याच्या कडेवरून उतरायला सुरुवात केली की थोड्याच अंतरावर पाय कातळ सोडतात आणि माणूस अधांतरी लटकतो. कार्ल्याच्या किंवा मुंब्र्याच्या कातळावर पाय टेकवत उतरलेल्या माणसाला हा प्रकार पूर्ण नवा असतो. अधांतरी माणूस गरगर फिरतो, 'एट'मधून (उतरताना दोराला ब्रेक लावणाऱ्या आठच्या आकाराच्या साधनातून) दोर जातो तसा त्याला पीळ बसत जातो आणि तो पीळ खाली साचतो. शंभर मीटरच्या दोरावर चार-पाच माणसं उतरली की शेवटच्या पंधरा-वीस मीटरमध्ये गुंता तयार. म्हणून इतक्या लांबीला एट नको. रॅक (आडव्या दांड्यांचं) किंवा दोर न पिळणारं दुसरं डिसेंडर, म्हणजे उतरण्याचं ब्रेक-साधन, हवं.

दुसरी गोष्ट दोराच्या वजनाची. ११ मिमी स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर मीटरला साधारण ७५ ग्रॅम, म्हणजे खाली शंभर मीटर सोडला तर साडेसात किलो. सुरुवातीला हे वजनच ब्रेक लावतं. नवखा माणूस वर अडकून बसतो, हाताने दोर उचलून डिसेंडरमध्ये भरावा लागतो. 'सरकतच नाही' म्हणून तो ब्रेकचा हात सैल करायला शिकतो. आणि जसजसा खाली येतो तसतसं खालचं वजन कमी होतं, वेग वाढतो, हात मात्र सैलच. लांब रॅपलिंगमध्ये शेवटी शेवटी ताबा सुटू शकतो तो यामुळे. त्यात डिसेंडर तापलेलं. नायलॉन वितळायला दोनशेच्या वर तापमान लागतं, पण आवरण त्याआधीच चकाकायला आणि कडक व्हायला लागतं. वेगात येऊन मध्येच फोटोसाठी थांबलेला माणूस तापलेला धातू दोराच्या एकाच जागी दाबून धरतो.

उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. डिसेंडरच्या खाली हार्नेसच्या लूपला ६ मिमी कॉर्डचा ऑटोब्लॉक (हात सुटला तर दोर आपोआप धरणारी गाठ), तीन-चार वेढे. तो बसलेल्या अवस्थेत डिसेंडरला टेकता कामा नये, टेकला तर धरणार नाही. दोराच्या टोकाला गाठ, आणि ती टोकापासून किमान हातभर वर. स्वतंत्र दोरावर वरून बिले, म्हणजे दुसऱ्या माणसाने धरलेला सुरक्षा दोर. 'खालून दोर ताणून धरू, तोच बिले' हे तीस मीटरच्या कातळावर चालतं. इथे खाली उभा राहणारा वरून येणाऱ्या दगडांच्या थेट रेषेत असतो.

आणि दोर बांधायचा तो वरून सोडता येईल असा. अँकरला (दोर जिथे बांधतात त्या आधाराला) कायमची गाठ मारून टाकली आणि माणूस मध्ये बेशुद्ध पडला, केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये अडकला, तर त्याला खाली सोडताच येत नाही. मंटर हिचवर (भाराखाली दोर सोडता येणाऱ्या गाठीवर) म्यूल (ती अडवणारी, पटकन सुटणारी गाठ) मारून ठेवली आणि मागे तेवढीच लांबी शिल्लक ठेवली तर वरचा माणूस एका मिनिटात त्याला सोडू लागतो. तेवढा जादा दोर वाहून न्यावा लागतो, हे कारण ऐकायला मिळतं. दोनशे मीटरचे पंधरा किलो होतात. दोघांत वाटले की संपलं.

---

कारवी_फुलली

दादा, अँकरबद्दलही लिहा. काही गट अजून झाडाला बांधून मोकळे होतात.

---

दोर_आणि_गाठी

झाड चालतं, पण कोणतं ते बघून. जिवंत, मांडीएवढं जाड, मूळ कातळाच्या फटीत गेलेलं, आणि बांधायचं ते बुंध्याशी, जमिनीलगत. कड्याच्या माथ्यावर मातीचा थर वीतभरही नसतो, तिथलं झाड दिसायला मोठं आणि मुळं पसरट. कारवी तर झुडूप आहे, तिला धरून चढतात तेवढं पुरे. (आयडीवरून नाही बोलत हो.)

बोल्ट मारायचे तर कातळ कोणता ते आधी. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि काही थरांच्या मध्ये लालसर, मातकट पट्टा असतो. त्या पट्ट्यात बोल्ट बसतो, फिरतो, घट्टही होतो, आणि भार आला की पट्ट्यासकट येतो. हातोडीने ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला की जागा सोडा. १० मिमीचा स्टेनलेस बोल्ट, लांबी ८० ते १०० मिमी, दोन बोल्टमध्ये आणि फटीपासून किमान वीतभर अंतर. मुख्य दोराला तीन बोल्ट, बिलेच्या दोराला वेगळे दोन. आधीच्या मोहिमांचे बोल्ट दिसले तर ते 'आहेत' असं धरून चालू नका. चार महिने पाऊस खाल्लेला साधा लोखंडी बोल्ट बाहेरून गंजतो तो दिसतो, भोकाच्या आत गंजतो तो दिसत नाही.

दोन बोल्ट जोडणाऱ्या स्लिंगमधला (पट्ट्याच्या फासातला) कोन साठ अंशांच्या आत ठेवा. साठला प्रत्येक बाजूवर ५८ टक्के भार येतो, नव्वदला ७१, आणि एकशेवीसला दोन्ही बाजूंवर पूर्ण शंभर-शंभर. म्हणजे दोन बोल्ट मारूनही हाती एकाच बोल्टची ताकद.

दोर कड्याच्या काठावरून जातो तिथे जुनी ताडपत्री किंवा कॅनव्हासचे दोन-तीन पदर, आणि ते पदर स्वतःच्या दोरीने बांधलेले. नुसते ठेवले तर दुसऱ्या माणसाच्या वेळेला खाली गेलेले असतात. रोलर असेल तर उत्तमच.

---

सेल्फ_अँकर

वरच्या सगळ्याशी सहमत, पण मला वाटतं मुद्दा दोरावर लटकणाऱ्याचा कमी आणि काठावर उभ्या असणाऱ्याचा जास्त आहे.

कोणत्याही मोहिमेत उतरणाऱ्यावर चार जणांची नजर असते. हार्नेसची बकल, कॅराबिनरचा (जोडणीच्या धातूच्या कडीचा) स्क्रू, हेल्मेटचा पट्टा, सगळं दोनदा तपासून होतं. काठावर उभा राहून ते तपासणारा, दोर सरळ करणारा, खाली वाकून 'पोचला का' बघणारा माणूस मात्र दिवसभर तिथे असतो, आणि तो बहुधा सगळ्यात अनुभवी असतो. त्याचा सेल्फ अँकर, म्हणजे स्वतःला बांधून घेतलेला दोर, कोण बघतं? साठीच्या सरांना 'सर, तुमचा कॅराबिनर लॉक आहे का?' असं विशीतलं पोरगं विचारेल? नाही विचारणार. आपल्याकडे मोठ्यांना असं विचारणं आगाऊपणा वाटतो.

हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे अशी व्यवस्था करायची, म्हणजे कुणाच्या धाडसावर ते अवलंबून राहत नाही. काठापासून तीन मीटर आत जमिनीवर रंगीत टेप किंवा दोरी टाका. त्या रेषेपलीकडे जो जाईल तो बांधलेला. दोन मिनिटांसाठी, सॅक उचलायला, पाण्याची बाटली द्यायला, काहीही असो. रेषेवर एकच माणूस नेमायचा, आणि शक्यतो गटातला सगळ्यात धाकटा. त्याचं काम एवढंच: पलीकडे जाणाऱ्याचा कॅराबिनर हाताने दाबून बघायचा, नुसता डोळ्यांनी नाही. लीडरचाही.

काठावरच्या माणसाचा दोर डायनॅमिक (ताणला जाऊन झटका शोषणारा) हवा, आणि त्याचा अँकर मुख्य अँकरपेक्षा वेगळा. डायनीमाच्या (न ताणणाऱ्या मजबूत धाग्याच्या) स्लिंगने स्वतःला बांधून अँकरच्या वर उभं राहायचं आणि पाय घसरला तर मीटरभराचा झटकासुद्धा धोक्याचा, कारण ती स्लिंग ताणली जात नाही, सगळा हिसका बोल्टवर आणि कमरेवर येतो. ९-१० मिमी डायनॅमिक दोराचा तुकडा, त्यावर प्रुसिक (सरकवता येणारी, भार आला की धरणारी गाठ), म्हणजे लांबी कमीजास्त करता येते आणि काठापर्यंत जाता येतं पण काठापलीकडे नाही. हीच लांबी सकाळी ठरवून गाठ मारून ठेवायची.

जानेवारीत माथ्यावरचं गवत वाळून आडवं झालेलं असतं. पावसाळ्यातल्या शेवाळाची सगळ्यांना भीती असते, वाळल्या गवताची नसते, आणि बुटाखाली ते तितकंच सरकतं.

---

पुणेकर_भटक्या

सेल्फ_अँकर, +१. हा परिच्छेद कापून आमच्या गटाच्या पाटीवर लावतोय.

पण मूळ प्रश्न राहिला. स्मृती-रॅपलिंगला किती लोक? अशा मोहिमांना तीस-तीस जणांची नावं येतात. हिशेब करा. एका टप्प्याला एका माणसाचे पंधरा मिनिटं धरले, दोर जोडणं-सोडणं धरून, तर तीस माणसांचे साडेसात तास. फक्त पहिला टप्पा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी कातळ गार आणि दुपारी वारा खालून वर. तिथला वारा कसा असतो ते टोपी उडालेल्यांना माहीत आहे. त्या वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, त्यात कड्याच्या वळणामुळे आवाज घुमून भलतीकडून येतो. वॉकीटॉकी लागतात, वर एक, प्रत्येक टप्प्यावर एक, पायथ्याला एक, आणि बॅटरी संपली तर शिट्टीची खूण आधीच ठरलेली.

माझं मत: दहाच्या वर नको, आणि दहाही असे की ज्यांनी अधांतरी दोरावर थांबून, डिसेंडर बांधून, दोन्ही हात सोडून दाखवलेत. ज्याला हे जमत नाही त्याने गडावर यावं, पाचनई गावाकडच्या पायवाटेने. आदर तेवढाच राहतो.

---

आग्या_मोहोळ

आयडीला साजेसं लिहितो. कड्याच्या पोटाला आग्या माशांची पोळी असतात. आदल्या दिवशी दुर्बिणीने कड्याची ओळ बघून घ्या आणि रॅपलिंगची रेषा पोळ्यापासून दूर ठेवा. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटी, ड्रोन, सगळं बंद. दोरावर लटकलेल्याला माशा चावल्या तर त्याला पळता येत नाही. वर 'सोडता येणारा दोर' लिहिलाय त्याचं खरं काम अशा वेळी.

---

पायथा_बेलपाडा

काही झालंच तर पुढे काय, ते लिहितो. शोधकार्याच्या बाजूने.

गडाचा माथा अकोले तालुक्यात, कड्याचा पायथा मुरबाड तालुक्यात. म्हणजे माणूस वर असताना एका जिल्ह्यात, पडला की दुसऱ्या. ११२ ला फोन लावताना दोन्ही गावांची (गडाकडचं पाचनई, कड्याखालचं बेलपाडा) नावं सांगा, 'हरिश्चंद्रगड' एवढंच सांगितलं तर गाडी पाचनईला जाते आणि माणूस बेलपाड्याच्या वर असतो. मोहिमेआधी दोन्ही पोलीस ठाण्यांना आणि दोन्ही गावच्या पोलीस पाटलांना लेखी कळवा: तारीख, माणसं, दोराची रेषा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच हवा. नेटवर्क सगळीकडे येत नाही, कुठे येतं ते आदल्या दिवशी बघून नकाशावर खूण करा.

माणूस दिसेनासा झाला की पहिली चूक एकच होते: सगळे काठाकडे धावतात. लीडरनंतर सूत्रं कोणी घ्यायची हे सकाळी ठरलेलं असलं पाहिजे, आणि त्या माणसाने पहिलं काम करायचं ते सगळ्यांना रेषेच्या आत बसवून मोजणी. दुसरं, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसले ते कागदावर. तासाभराने प्रत्येकाची आठवण वेगळी होते. तिसरं, जीपीएसचे आकडे. त्यानंतर फोन. नंतरच दोर, आणि तोही नवीन अँकरवर. ज्या अँकरजवळ प्रसंग घडला त्यावर पुन्हा भार टाकायचा नाही.

दोरावर बेशुद्ध लटकलेला असेल तर ती शर्यत मिनिटांची आहे, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकण्यानेच जीव जाऊ शकतो. खाली घेतलं की आडवं झोपवा. 'बसवून ठेवा, एकदम झोपवू नका' असं पूर्वी शिकवायचे, ते आता मागे पडलंय.

आणि आशा उरली नसेल तर घाई करायची नाही. मृत्यू झाला हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा, पण दरीतून देह आणताना दुसरा माणूस जाऊ नये हे ठरवायचं काम पथकाच्या लीडरचं. अंधारात उतरायचं नाही. स्ट्रेचर खांद्यावर न्यायला एका वेळी सहा ते आठ जण लागतात, घसाऱ्याच्या नाळेत (सुट्या दगडांच्या अरुंद घळीत) दर दहा-पंधरा मिनिटांनी बदली. म्हणजे चोवीस माणसं तरी. ती गावातूनच येतात, आणि वाट त्यांनाच माहीत असते. त्यांच्या जेवणाची, टॉर्चची आणि परतीच्या गाडीची सोय संस्थेने करायची. काम झाल्यावर सगळे फोटो काढून घरी आणि गावकरी काळोखात उभे, असं होऊ देऊ नका.

---

दोर_आणि_गाठी

एक पुरवणी. अपघातानंतर साधनं आवरायला घेऊ नका. दोर, गाठी, स्लिंग, कॅराबिनर जिथे जसे आहेत तिथे तसे फोटो, जवळून आणि लांबून. गाठ सोडायची नाही. काढणं भागच असेल तर गाठ ठेवून बाजूने कापा. सगळं पोलिसांच्या पंचनाम्यात जाऊ द्या. 'महागडा दोर आहे' म्हणून पुढच्या शिबिराला वापरणारे बघितलेत, त्यावर बोलायलाही नको.

संस्थेने लेखी अहवाल काढावा. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे अहवाल छापतो, त्यात दोष कुणाचा याची आदळआपट नसते. दोर कसा होता, अँकर कुठे होता, हवा कशी होती, काय घडलं. आपल्याकडे हे शोकसभेत संपतं आणि पुढची पिढी पुन्हा पहिल्यापासून शिकते.

---

कागद_कपाटात

हे लिहायला नको वाटतं, पण घरचे नंतर याच गोष्टींत अडकतात.

अपघाती मृत्यूची पोलिसांत अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४). शवविच्छेदन टाळायचा प्रयत्न करू नका, विम्याच्या दाव्याला तो अहवाल लागतो. पंचनाम्याची प्रत, अहवाल आणि मृत्यूचा दाखला, तिन्हींच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत.

वैयक्तिक अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात. पॉलिसी वाचा, आज वाचा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. बँक खात्यातून ते कापलं जातंय हे कित्येक घरांना माहीतच नसतं, म्हणून पासबुक बघा. नोकरीत असणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीसोबतचा ठेव संलग्न विमा असतो, कमाल ७ लाख.

संस्थेच्या नोंदणी अर्जात रक्तगट विचारतात तसं वारसाचं नाव आणि विम्याची माहितीही घ्या. बंद पाकिटात.

---

मुलुंडची_ताई

घरी कळवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

फोनवर नाही. दोघांनी घरी जायचं, एक घरच्यांना ओळखणारा हवा. तोपर्यंत व्हॉट्सॲप गटावर ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येणार नाही अशी सेटिंग करून टाका. माथ्यावरच्यांनी फोटो, व्हिडिओ, 'प्रार्थना करा' असले निरोप पाठवायचे नाहीत. टीव्हीवाल्यांशी एकानेच बोलायचं आणि नाव घरी पोचल्यावरच सांगायचं. घरी गेल्यावर 'डोंगरात गेला, भाग्यवान' हे वाक्य तोंडातून काढू नका. ते आपल्या समाधानासाठी असतं.

सॅक, बूट, कॅमेरा आठवड्याभरात परत द्या. पोलिसांकडे नसलेलं सगळं. धुवायचं का, हे घरच्यांना विचारून.

गटातली विशीतली मुलं काही दिवस अगदी ठीक वागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायचं थांबतात. त्यांना फोन करा, ट्रेकसाठी नाही, चहासाठी. झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. आणि जो त्या दिवशी दोर हाताळत होता त्याच्याकडे आधी लक्ष द्या, कारण शोकसभेत सगळ्यांच्या नजरा न बोलता त्याच्याकडे जातात.

---

कारवी_फुलली

फलकाचं काय? मला अजूनही वाटतं कड्याजवळ छोटासा असावा. एव्हरेस्टच्या वाटेवर थुकला खिंडीत गेलेल्यांसाठी चोर्तेन (दगडी स्मारकं) आहेत, ते बघून कुणाला खटकत नाही.

---

गड_राखू

ताई, थुकलाला तिथली बौद्ध परंपरा आहे, दगड रचून करतात. इथे संगमरवरी पाटी सिमेंटमध्ये बसवतात. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे खिळाही मारता येत नाही आणि परवानगी मागूही नये. आज एक पाटी, दहा वर्षांत पंधरा.

करायचंच असेल तर खाली करा. पाचनईत किंवा बेलपाड्यात दुमडणारं स्ट्रेचर, चार हेल्मेट, दोनशे मीटर दोर, दोन कप्प्या आणि प्रथमोपचाराची पेटी कुलूपबंद ठेवा. किल्ली पोलीस पाटलांकडे. गावातल्या आठ-दहा जणांना वर्षातून दोनदा ते वापरायचं प्रशिक्षण, मानधनासकट. दोर न वापरताही दहा वर्षांनी बाद होतो, तेव्हा बदलायचा खर्च आत्ताच धरा. पेटीवर हवं तर नाव लिहा.

---

वाटाड्या_जुन्नर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंतचा कल: फलक नाही. रॅपलिंग करायचंच तर दहा जण, काठाची रेषा आणि रेषेवरचा माणूस याशिवाय नाही. पेटीवर बहुतेकांचं एकमत दिसतंय.

गड_राखू, पेटीचा अंदाजे खर्च आणि सामानाची यादी वेगळ्या धाग्यात टाकता का? पायथा_बेलपाडा, पेटी दोन्ही गावांत ठेवायची की एकाच? माझ्या मते बेलपाडा आधी, कारण वर असलेल्या गटाकडे निदान स्वतःचा दोर तरी असतो.

---

पायथा_बेलपाडा

बेलपाडाच. पण स्ट्रेचर दोन भागांत सुटणारं घ्या, नाळेच्या वाटेत अखंड स्ट्रेचर वळत नाही. आणि पेटी लोखंडी नको, पावसाळ्यात आतून घाम सुटतो. जाड प्लास्टिकची, जमिनीपासून फूटभर उंच, उंदरांपासून लांब.